नवसाबाईची वेणी

घाटात अजून गाडीवाट झाली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. डोंगराच्या कुशीतल्या कुंभेवाडीत नवसाबाई नावाची सुईण राहायची. तिचा हात लागला की अडलेली बाईसुद्धा हसत मोकळी व्हायची, असं म्हणतात.

वाडीच्या वर देवराई होती. तिथल्या एकाच जुन्या हिरड्यावर सीतेची वेणी फुलायची. ही आमरी मातीत रुजत नाही, फांदीला बिलगून वाढते. उन्हाळ्यात तिचे गुलाबी-पांढरे घोस वेणीसारखे लोंबतात. तो घोस नवरीने माळल्याशिवाय वाडीत लग्न लागत नसे.

एका वर्षी वादळात हिरडाच उन्मळून पडला. "देव कोपला. आता लग्नं नाहीत," भगताने सांगून टाकलं. ठरलेली लग्नं थांबली. पोरी झुरू लागल्या. लग्नं नाहीत, म्हणून पाळणे नाहीत. नवसाबाईला ओट्यावर नुसतं बसवेना.

ती तडक देवराईत गेली. आडव्या झाडावर आमरीची मुळं हिरवीगार होती.

"अगं, तू तर जिती आहेस!" असं म्हणत तिने ती अलगद सोडवली, ओच्यात भरून आणली आणि आपलं लुगडं फाडून त्या चिंध्यांनी वाडीतल्या झाडांना बांधली.

भगत हसला. "नवसाकाकू, तुटलेलं कुठं जगतं का?"

"तुझी नाळ मीच तोडली होती रे. जगलास ना?"

दोन उन्हाळे फूल आलं नाही. ती रोज पाणी शिंपडत राहिली, लोक हसत राहिले. तिसऱ्या उन्हाळ्यात, लग्न अडलेल्या पोरींपैकी शेवंताच्या होणाऱ्या सासरचे सोयरीक मोडायला निघाले, तेव्हा मात्र नवसाबाई आमरी बांधलेल्या उंबराकडे धावली. तिने उंबराच्या खोडावर दोन्ही तळवे टेकले आणि बाळंत होणाऱ्या बाईला घालावी तशी हाक घातली, "लाव जोर, माझे बाई!"

खोड थरथरलं, असं म्हणतात. बघता बघता साऱ्या झाडांवर घोस सुटले, इतके लांब की खाली चरणाऱ्या कोंबड्या त्यांत दिसेनाशा झाल्या. भगताने स्वतः ढोल गळ्यात घातला. साऱ्या पोरींची लग्नं एकाच मांडवात लागली, आणि पुढच्या वर्षी नवसाबाईला जेवायला फुरसत मिळेना.

अजूनही कुंभेवाडीत हळदीआधी नवरा-नवरी देवराईत जातात, तिथेही आता आमरी पसरली आहे. वाऱ्याने पडलेली आमरी उचलून आणतात आणि नवसाबाईचं नाव घेऊन, जुन्या लुगड्याच्या चिंधीने एखाद्या झाडाला बांधतात. ते झाड मग त्या नवरीच्या नावाने ओळखलं जातं. म्हणून तिथे वाट विचारली तर उत्तर मिळतं, "यमुनेच्या आंब्यापासून वर चढा, आणि पारूच्या जांभळाखाली जरा टेका. सावली चांगली आहे."