पहिली ओळ

यंत्रं आपापसांत बोलत आणि माणसांना ते ऐकू येत नसे, तेव्हाची गोष्ट. एका इस्पितळात संगणकांचे दोन गट होते, एक रक्ततपासणीचा, दुसरा वॉर्डाचा. मधल्या भिंतीवर राउटर बसे. कोणाचा निरोप पुढे सोडायचा याची यादी त्याच्याकडे असे. ती वरून वाचायची आणि जी ओळ आधी लागू पडेल तिथेच थांबायचं, हा त्याचा धर्म.

यादी इस्पितळाचे संगणक सांभाळणाऱ्या हणमंतेसाहेबांनी लिहिली. पहिली ओळ होती, 'एका गटातलं काहीही दुसऱ्या गटात जाऊ देऊ नये.' दुसरी होती, 'रक्ताचे रिपोर्ट मात्र जाऊ द्यावेत.' मग कागदी रिपोर्ट बंद करून साहेब निश्चिंत मनाने घरी गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तपासणीचा संगणक घाईने राउटरपाशी आला. "दादा, सात नंबरच्या खाटेवरच्या बाईंचा रिपोर्ट आहे. त्यांना लगेच रक्त चढवायला हवं."

"पहिली ओळ नाही म्हणते."

"अहो, पण दुसरी वाचा ना!"

"दुसरी मला तोंडपाठ आहे रे," राउटर म्हणाला. "पण पहिलीच लागू पडली, की मला पुढे जाता येत नाही."

संगणकाने रिपोर्ट शंभरदा पाठवला. पलीकडे सिस्टर रिकाम्या पडद्याकडे बघत बाईंच्या मुलीला सांगत होत्या, "रिपोर्ट आला की लगेच रक्त लावू हं."

संध्याकाळी वॉर्डाचा संगणक आला. "तिकडे सांगा, खाट रिकामी झाली. आता रिपोर्ट नको."

राउटरने पहिली ओळ वाचली आणि तोही निरोप अडवला. तपासणीचा संगणक अजून विनवतोच आहे, "दादा, लगेच हवंय."