सरडेबुवा कुणाचे?

"...मग मुलांसाठी लिहिलेली तुझी अकरा पुस्तकं कुठं गेली, चंदू?"

हमीदाबाईंनी कागद उलटा करून बघितला. मागची बाजू कोरी.

"काढली, बाई."

चंदू म्हणजे कवी चंद्रहास उपळेकर. लहानपणी याच बालवाडीत बाईंसमोर बसून नाक पुसायला शिकलेले. त्यांच्या मोठ्यांच्या कवितांच्या पुस्तकासाठी उद्या तालुक्याला सत्कार होता. त्यांची ओळख बाईंनी करून द्यायची होती. ओळखीचा मजकूर त्यांनी त्या कागदावर स्वतःच लिहून आणला होता. स्वतःची ओळख स्वतःच लिहायची, ही रीत मला त्या दिवशी कळली.

मी तिथं मुलांची खिचडी करते. चौथी शिकलेली आहे. जे ऐकलं तेच सांगते, पदरचं घालत नाही.

"का काढली?"

"मोठ्या लोकांत वावरतो मी आता. परवा एका संमेलनात मंचावर चढत होतो, तर मागनं कुणीतरी म्हणालं, 'आले बघा सरडेबुवा!' अख्खा मांडव हसला."

"आणि तू?"

"मीपण हसलो. काय करणार?..." त्यांनी मान खाली घातली. "लाज वाटली, बाई. पंचवीस वर्षं लिहितोय, आणि ओळख काय, तर सरडा."

ते खुर्चीवर. बाई खाली सतरंजीवर, पोरांच्या गराड्यात. तनिष्काच्या वेणीला रिबीन बांधत होत्या.

एक गाठ मारून झाली. दुसरी वेणी हातात घेतली.

"बरं. तू लिहिलंस तेवढंच वाचते उद्या."

"खरंच? मला वाटलं, तुम्ही रागवाल."

"रागवायला काय झालं? तुझी पुस्तकं, ठेव नाहीतर टाक."

कवींनी सुस्कारा सोडला. रुमालानं मान पुसली.

बाई पोरांकडं वळल्या. "काय रे, आज सरडेबुवा नाही म्हटलं कुणी?"

पोरांना एवढं निमित्त पुरे होतं. बावीस नरडी एकदम सुटली, मानाही हलायला लागल्या...

सरडेबुवा, सरडेबुवा, मान का हो हलवता?
कुणीच नाही विचारलं, 'हो' कुणाला म्हणता?

कवींची मानही हलत होती. ध्यानात आल्यावर त्यांनी ती धरली.

"कुणी केलं रे हे गाणं?" बाईंनी विचारलं.

"पारूमावशीनं!"

पारूमावशी म्हणजे मीच.

माझा डाव पातेल्यातच राहिला. वाढताना मी हे गाणं म्हणते. दोन वर्षांमागं एका पोरीनं विचारलं होतं, "मावशी, तू केलंस?" मी हो म्हटलं नव्हतं. पण नाहीही म्हटलं नव्हतं. गोड वाटलं होतं, कशाला लपवू? जन्मात कुणी मला 'हे तू केलंस का' असं कौतुकानं विचारलं नव्हतं.

आता गाण्याचा खरा धनी समोर बसलेला. वाटलं, त्या चुलीतच तोंड खुपसावं.

मी तोंड उघडायच्या आत खुर्ची मागं आपटली.

"कोण पारूमावशी? माझं आहे ते! मी लिहिलंय! एकेका शब्दापायी आठ-आठ दिवस घातलेत मी!"

आवाज एवढा मोठा, की दारातल्या कोंबड्या पळाल्या. पोरं बाईंना चिकटली.

तनिष्का तेवढी घाबरली नाही. "खोटं! मावशीचंच हाय ते."

"नाही गं बाळा," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू येईना. "यांचंच आहे. मी तुम्हाला सांगायला पाहिजे होतं... नाही सांगितलं."

पोरं माझ्याकडं बघायला लागली. मग कवींकडं. कुठं बघावं ते आम्हा दोघांनाही कळेना.

आत्ता, अर्ध्या घटकेपूर्वी, हाच माणूस ते गाणं आपल्या नावावरून खोडून टाकत होता. ते त्याला आपसूक आठवलं असावं. कारण कान लाल झाले. उचललेला हात हळूहळू खाली आला.

पडलेली खुर्ची त्यांनी उचलली नाही. खाली बसले. इस्त्रीच्या पायजम्याला सतरंजीची माती लागली.

"बाई..."

बाई रिबीन बांधत होत्या.

"बाई, तो कागद द्या. नावं लिहितो. अकराच्या अकरा."

बाईंनी दुसरी गाठ मारली. तनिष्काला पुढं सोडलं. मग कागद घेतला, आणि कवींच्या पसरलेल्या हातावर न ठेवता पोरांच्या मधोमध ठेवला.

"मला काय मागतोस, चंदू? ज्यांचं गाणं आहे त्यांना विचार, तुझं नाव घालायचं का."