धाकू लोहाराचे एकवीस खिळे

फार वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा आपल्या काटवेळ बंदराला धक्का नव्हता, गलबतं वाळूवरच ओढून घ्यायची. त्या काळी इथं धाकू लोहार राहायचा. घण मारून मारून त्याचे कान गेलेले. पण लोखंडाचं बोलणं त्याला कळायचं, असं म्हणतात. काठीचं एक टोक दातांत धरायचा, दुसरं लाकडाला टेकवायचा आणि खिळ्यावर हातोडीनं हळूच ठोकायचा; नाद दातांतून कळायचा.

एका साली हिरू तांडेलानं परगावाहून जुनं गलबत आणलं. रंग नवा, शीड नवं. नारळी पुनव चार दिवसांवर आलेली. पुनवेला नारळ वाहून आठ गडी घेऊन तो दर्यात जायचा होता. त्यात बायकोचे, मंजुळेचे, दोन भाऊ.

गलबताच्या तळाला लांब लाकूड असतं, तो त्याचा कणा. त्याला वरच्या अंगाशी धरून ठेवणारे एकवीस खिळे, हातहातभर लांब. हिरूनं त्यांची डोकी घासून लखलखीत केली न् प्रत्येकावर कुंकू लावलं. झालं, त्याला वाटलं, खिळे नवे झाले!

गलबत बघायला आलेल्या धाकूनं एकवीस वेळा ठोकून पाहिलं. मग काठी काढून म्हणाला, "हिरबा, डोकी शाबूत, कंबर गेलीय. माझ्यासारखंच."

सगळे हसले. हिरू चिडला. "आजोबा, माझी हाक तुमाला ऐकू येत नाय, न् खिळ्यांचं कण्हणं ऐकू येतं?"

मंजुळा पुढे झाली. "एक काढून बघा. आजोबांचं खोटं निघालं तर त्यांना सणाचं जेवण मी घालीन. खरं निघालं तरी मीच घालीन."

खिळा काढला. डोकं अंगठ्याएवढं, मधे मात्र दाभणाएवढा. हिरूच्या हातात तो काडीसारखा मोडला. हिरू वाळूत बसलाच.

"रडू नको," धाकू म्हणाला. "एक काढायचा, एक घालायचा. दोन एकदम काढलेस तर कणा रुसतो."

चार दिवस भट्टी विझली नाही. भाता ओढायला माणूस लागला नाही, दर्याचा वाराच आत शिरून फुंकायचा, असं म्हणतात. वीस खिळे झाले न् लोखंड संपलं. मग बायांनी मोडके कोयते आणले, विळीची पाती आणली. एका म्हातारीनं पाळण्याची कडी दिली. त्या सगळ्याचा एकविसावा खिळा झाला.

पुनवेनंतर तिसऱ्या दिवशी दर्यात वादळ उठलं. लाटेनं गलबत उचलून खडकावर आपटलं, एकदा नाही, तीनदा. डोलकाठी गेली, शीड गेलं, कणा हलला नाही. एकवीस खिळे एका सुरात वाजले, न् किनाऱ्यावर ते सगळ्यांआधी बहिऱ्या धाकूनं ऐकलं, असं म्हणतात. संध्याकाळी नऊच्या नऊ जण वल्ही मारत आले. मंजुळेनं आधी भावांना कवटाळलं, मग नवऱ्याला दोन शिव्या दिल्या.

अजून काटवेळला जुनी होडी विकायची तर रंग कुणी बघत नाही. घेणारा बोट ठेवील तो खिळा विकणाऱ्यानं काढायचा न् विड्याच्या पानावर ठेवून दाखवायचा. त्याला म्हणतात 'धाकूचं पान'. आणि आता तर मुलगी बघायला पाहुणे आले, मुलाची फारच स्तुती करू लागले, की आतून एखादी आजी हमखास विचारते, "ते सगळं खरं हो, पण धाकूचं पान कधी मांडताय?"