भुईनं हात सोडला तेव्हा

एकदा काय झालं, एका डोंगराच्या पार टोकावर एक बाई राहायची. गजरा तिचं नाव. पायाला नुसती भिंगरी! घरात ती आणि तिची लेक ठकी. पाण्याचा झरा मात्र खाली, पायथ्याशी. रोज भरली घागर घेऊन चढायचं. पाय निसटला, की घागर गडगडत परत झऱ्याशी.

एके सकाळी घागर तिसऱ्यांदा गडगडली. गजरानं भुईवर लाथ मारली. "सगळं मेलं तुझ्याकडेच ओढतेस! सोड की जरा!"

भुई म्हणाली, "सोडते. मग रडू नकोस हं."

आणि सोडलं की, बरं का!

मग पुन्हा भरून उचललेली घागर झाली पिसासारखी हलकी. गजरा हसली. मग घागरीतलं पाणी गोळा होऊन तरंगत निघून गेलं. मग झराच थांबला. पाण्याला खाली ओढणारं कोणी नाही, तर ते वाहील कसं? गजरा ओरडली, "ठकी!"

रिकामी घागर काखेला मारून, गवताला, झुडपांना धरत ती घरी पोचली. ठकीनं ओट्यावरून उडी मारली होती, ती खाली आलीच नव्हती. वरच चालली होती. "आई, उतरव गं मला!"

गजरानं जोत्याला पाय रेटले नि झेप घेतली. लेकीला कवटाळलं. पण आता दोघी वर! हातपाय झाडले, काही उपयोग नाही. चिडून तिनं कमरेचा विळा वर भिरकावला. आणि काय नवल! विळा वर गेला, तसा दोघींना खाली रेटा बसला, त्या जराशा मंदावल्या. मग घागर जोरात वर फेकली. दोघी जागच्या जागी थांबल्या. मग उरला हातातला चांदीचा गोट. तिच्या आईनं दिलेला. गजरानं एकदा त्याच्याकडे बघितलं, नि दिला भिरकावून. दोघी हळूहळू खाली येऊ लागल्या.

छपराचं गवत हाताला लागताच ती ओरडली, "भुईमाय, धर गं! घट्ट धर!"

"पुन्हा चढताना धापा टाकशील."

"टाकीन! माझी लेक धर आधी!"

भुईनं धरलं. दोघी छपरावरून घसरत धपकन अंगणात. ठकीचा गुडघा फुटला, तिनं भोकाड पसरलं. गजरा तिला पोटाशी धरून हसतही होती, रडतही होती. खाली झरा खळखळायला लागला.

मग त्या मायलेकी डोंगरावर सुखात राहिल्या. आणि तुमच्या पापण्या बघा कशा जड झाल्यात. झाका बघू आता.