येसूआईची करवंटी

"आणि वरून लसणीची फोडणी घातली तर?"

"घाल."

"नुसती लसूण नव्हे हं, आई. ठेचलेली! तांबूस होईस्तोवर तेलात परतायची, लाल मिरचीचे दोन तुकडे टाकायचे, आणि चर्रकन कण्यांवर ओतायची!"

"घाल की."

"आणि जवसाची चटणी? कारळ्याची? एखाद्याला गोड आवडत असेल, तर गूळ आणि लोणकढं तूप?"

"घाल बाबा. कोण नगं म्हणतंय?"

गजाबा आचारी चुलीपुढे उकिडवा बसला होता, पण उत्साहाने त्याला बसवत नव्हतं. येसूआई शांतपणे ताक घुसळत होती.

"मग तुम्ही कधीच काही का घालत नाही?"

येसूआईने रवी थांबवली. त्याच्याकडे पाहिलं. मग पुन्हा घुसळू लागली...

घाटमाथ्यावरच्या खिंडीत येसूआईची मठी होती. तिच्या गुरूची समाधी, समाधीपुढे धुनी आणि बाजूला गवताने शाकारलेली चूलखोली. कोकणातून ओझी घेऊन वर येणाऱ्याला आणि देशावरून खाली उतरणाऱ्याला तिथे सकाळी वाडगाभर ज्वारीच्या कण्या मिळत. आदल्या दिवशी भिजवलेल्या, मंद आचेवर शिजवलेल्या, उतरवताना ताक ओतलेल्या. बस्स. वर काही नाही.

पण चव! गजाबाने सरदारांच्या लग्नात हजार हजार पानांच्या पंगती उठवल्या होत्या. एकदा असंच एक लग्न उरकून घाट उतरताना त्याने या मठीत वाडगाभर कण्या खाल्ल्या, आणि गाठोडं तिथेच खाली ठेवलं. त्याला सहा महिने झाले होते.

त्याने काय केलं नव्हतं? ज्वारी तीच आणली, जातं तेच फिरवलं, लाकडं तीच जाळली. आणि पहिल्याच आठवड्यात त्याने एक गोष्ट हेरली होती. येसूआई भांड्यात मीठ म्हणून घालत नसे. चिमूटभरसुद्धा नाही! तरी कण्या अळणी लागत नसत.

म्हणजे हा चमत्कारच होता. गजाबाच्या अंगावर काटा आला होता.

आणि चमत्काराचं मूळही त्याला सापडलं होतं. वाढताना येसूआई आधी मान खाली घालून वाटसरूच्या पायांकडे बघे. वाटसरूच्या रूपाने देव दारी आलेला, त्याला हा नमस्कार, असं गजाबाने ओळखलं. मग ती गुडघ्याशी ठेवलेल्या करवंटीत बोटं घाली, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटे आणि वाडग्यावरून हात फिरवी. करवंटीत करड्या रंगाची बारीक पूड असे.

तो अंगारा होता! दुसरं काय असणार?

जन्म मुदपाकखान्यात गेलेला माणूस, पण गुरूच्या शोधात निघालेल्याला साधी गोष्ट दिसेल तर शपथ. गजाबाने सहा महिन्यांत त्या करवंटीला बोट लावलं नाही. रोज सकाळी तो लांबूनच तिला हात जोडत असे. पुटपुटणं ऐकायला मात्र तो कानात प्राण आणून बसे, आणि तरी त्याला एक शब्द कधी कळला नव्हता.

"आई," आज त्याने धीर केला. "मंत्र द्या ना."

"कसला मंतर?"

"वाढताना म्हणता तो."

येसूआईने मडक्यावर झाकण ठेवलं. तिचे हात आता कापत. या अमावास्येला वाढायचा लाकडी डाव कुणाच्या तरी हातात देईन, तसं कुणी भेटलं नाही तर चूल विझवीन, असं ती सगळ्यांना सांगून बसली होती. डाव तिच्या गुरूचा होता, वापरून वापरून एका बाजूने झिजलेला. गजाबाची नजर दिवसातून दहा वेळा त्याच्यावर जाई. अमावास्या उद्यावर आली होती.

"उद्या तू शिजव," ती म्हणाली. "वाढायचंबी तूच. पयल्या वाटसरूनं वाडगा पुसून खाल्ला, तर डाव तुजा."

"आणि मंत्र?"

"उद्या..."

गजाबाला आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. त्याने संध्याकाळपर्यंत शेंगदाणे भाजले, कूट केला, सुकं खोबरं किसून खमंग परतलं, सांडगी मिरच्या तळल्या, कांदे निखाऱ्यात भाजले, ठेचा रगडला. अकरा वाट्या मांडून झाल्या, आणि मग मेतकूट राहिलं म्हणून बारावी मांडली. वासाने त्याचं त्यालाच तोंडाला पाणी सुटलं. पण मठीचा नियम कडक होता. पहिल्या वाटसरूचं पोट भरल्याशिवाय रांधणाऱ्याने जिभेवर कणसुद्धा ठेवायचा नाही.

सकाळी कण्या रटरटू लागल्या. ताक ओतलं. रंग दुधासारखा, दाट, मऊ. झकास! गजाबा करवंटीकडे वळला.

करवंटी रिकामी होती.

तो क्षणभर घाबरला, मग स्वतःच्याच कपाळावर हात मारून हसला. करवंटी उचलून धुनीकडे धावत सुटला.

येसूआई उंबऱ्यावर ऊन खात बसली होती. "कुठं रं?"

"अंगारा संपलाय, आई! भरून आणतो!"

तिचे ओठ हलले. पण "बरं," एवढंच म्हणाली.

गजाबाने धुनीतली पांढरी राख घेतली, धोतराच्या सोग्यातून वस्त्रगाळ केली आणि करवंटी काठोकाठ भरली.

तेवढ्यात खिंडीच्या तोंडाशी हाक आली. धाकू आला होता. आठवड्यातून एकदा नारळांची पाटी डोक्यावर घेऊन कोकणातून चढणारा हा माणूस. पाटी उतरवून तो धपकन बसला. सदरा अंगाला चिकटला होता, पाठीवर घामाचे पांढरे पट्टे उठले होते.

"या या, धाकूशेट!" गजाबाने त्याला पाणीही विचारलं नाही. "काय घालू सांगा. लसूण? ठेचा? गूळ-तूप? की कांदा आणि खोबरं? माझं ऐका, आधी कारळ्याची चटणी, तिच्यावर भाजलेला कांदा, आणि अगदी वर सांडगी मिरची चुरून!"

"आचारीबुवा, तुमच्या मनाला येईल ता घाला. भूक लागली हाय."

गजाबाने मनाला आलं ते सगळं घातलं. मग मान खाली घालून धाकूच्या पायांना नमस्कार केला, डोळे मिटले, करवंटीत बोटं घातली. मंत्र ठाऊक नव्हता, म्हणून त्याने येसूआईचंच नाव तीनदा पुटपुटलं आणि वाडग्यावर भरघोस चिमूट सोडली.

धाकू खाऊ लागला. "वा!" म्हणाला. मिरची कुरकुरली, लसणीला त्याने मान डोलावली. गजाबा श्वास रोखून बघत होता. अर्धा वाडगा... डाव हातात आलाच!

वरचं वरचं संपलं, आणि धाकूचा हात मंदावला.

त्याने एक घास घेतला. थांबला. दुसरा घेतला. जिभेवरून काहीतरी बोटाने काढलं, पाहिलं.

"आई," त्याने दाराकडे तोंड करून विचारलं, "आज मीठ नाय काय? आणि ही राख कसली?"

गजाबाचा चेहरा खर्रकन उतरला. "राख नव्हे, तो अंगारा..."

येसूआई भिंतीला धरून उठली. चुलीपाशी आली. कनवटीला बांधलेली पुरचुंडी तिने सोडली. आत तीच करड्या रंगाची बारीक पूड होती. मग तिने कोऱ्या वाडग्यात नुसत्या कण्या वाढल्या, धाकूचे पाय बघितले, पाठीवरचे पट्टे बघितले, आणि आपलं ते पुटपुटली. गजाबा इतका जवळ होता, की आज प्रथमच त्याला ते ऐकू आलं.

"एका दमात चढलंय येडं..."

तिने दोन चिमटी सोडल्या. थोडं थांबून आणखी अर्धी.

धाकूने वाडगा तोंडाला लावला. शेवटी बोट फिरवून तो पुसून घेतला आणि सुखाने ढेकर दिला.

गजाबाचा हात आपोआप पुरचुंडीकडे गेला. पहिल्या वाटसरूचं पोट भरलं होतं, आता नियमाची आडकाठी नव्हती. त्याने एक कण जिभेवर ठेवला.

"मीठ!" तो ओरडला. "आई, हे मीठ आहे! सहा महिने... मी सहा महिने मिठाला हात जोडले!"

धाकूला हसू आवरेना. नारळांच्या पाटीला टेकून तो पोट धरून हसला. गजाबालाही हसू फुटलं आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. एवढ्या पंगती जेवू घातल्या. प्रत्येक कढईत मीठ त्याच्या अंदाजाने पडलं होतं, हजार माणसांना एकच अंदाज. पानावर बसलेल्या एकाचाही चेहरा त्याला आठवत नव्हता.

"तुम्ही सांगितलं का नाही?"

"इचारलंस कवा? तू तर मंतर मागत हुतास."

गजाबाने मान खाली घातली. "मी निघतो, आई. डाव माझ्या हातात शोभायचा नाही."

येसूआईने खुंटीवरचा डाव काढला. पदराने पुसला. आणि त्याच्या हातात ठेवला.

त्याला काही कळेना. "पण वाडगा तर..."

"धाकूनं पुसला न्हवं? कण्या कुणी शिजीवल्या हुत्या?"

गजाबाने डाव कपाळाला लावला. त्याने राख धुनीत परत ओतली, करवंटी घासली, तिच्यात पुरचुंडीतलं मीठ घेतलं. आता त्याला सगळं उमगलं होतं! चढून आलेल्याला दोन चिमटी आणि वर अर्धी. किती सोपं!

देशाकडच्या वाटेने एक म्हातारी येत होती. दर चार पावलांना ती थांबे. सुजलेल्या पायांत वहाणा जात नसाव्यात, तिने त्या हातात धरल्या होत्या. तीही घामाघूम झाली होती.

"या, मावशी, या!" गजाबा धावत जाऊन तिला हात देऊन घेऊन आला. घोंगडीवर बसवलं. या वेळी पाणीही आधी दिलं. मग वाडगा भरला, घाईघाईने करवंटीत बोटं बुडवली, दोन भरघोस चिमटी उचलल्या...

येसूआईने त्याचं मनगट धरलं. म्हाताऱ्या बोटांत एवढी ताकद असेल, असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

"का, आई? आता तर मीठच आहे!"

"मीठ हाय म्हनूनच. आदी तिचं पाय बघ."