कुंपणाबाहेरची तुती

कोष्टेवाडीत घरोघरी परसात तुती आहे, पण ती कुंपणाच्या आत कुठेच दिसणार नाही. कुंपण झाडाशी येतं आणि वळसा घालून तुतीला बाहेर ठेवतं. पाहुण्यांनी विचारलं की गावातले म्हातारे गेनूअण्णा त्यांना राही नावाच्या विणकरणीच्या पडक्या घराच्या जोत्यावर बसवून सांगतात ते असं.

फार जुन्या दुष्काळात गाव ओस पडू लागलं. तेव्हा गढीच्या धन्याने राहीच्या नवऱ्याला, लिंबाजीला, गढीत अडकवून ठेवलं म्हणे. धन्याच्या लेकीच्या लग्नाला रेशमी शेला हवा होता, आणि विणकर गाव सोडून गेले तर तो विणणार कोण? शेला आला की नवरा सुटेल, असा निरोप आला.

राहीच्या परसात एकच तुती होती. दोन वर्षांपूर्वी तिने अंगठ्याएवढी जाड, चार डोळ्यांची काडी निवडून शेणखतात तिरकी लावली होती. ती आता भरभरून पालवली होती. राही कोसावरून पाणी आणून तिला घाली आणि पाला रेशमाच्या किड्यांना चारी. भुकेली पोरं फांद्या ओरबाडू लागली, तसं तिने बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं.

शेजारची सरजा आली. "राही, मूठभर पाला दे. उकडून पोरीला घालते."

"किड्यांनाच पुरत नाही गं. कारभारी गढीत आहेत माझे."

सरजा रिकाम्या हाताने परत गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी राही पाणी घालायला गेली, तर सरजाची ठकू कुंपणात पडलेली. हात खांद्यापर्यंत काट्यांच्या आत, मुठीत चार पानं. अंग गार झालं होतं.

राहीने हातांनीच काटे उपसले आणि पोरीला उचलून सरजाच्या दारी नेलं. सरजाने एवढंच विचारलं, "पोटात काही गेलं होतं का तिच्या?"

"गेलं होतं," राही म्हणाली. ते खोटं होतं.

मग तिने सगळी तुती ओरबाडली, हंडाभर पाला शिजवून गावातल्या पोरांना वाढला. चार दिवसांत परडीतले किडे मेले. लिंबाजी आषाढात गढीतच गेला असं सांगतात. प्रेतही मिळालं नाही.

पावसाळ्यात राहीने तुतीच्या काड्या छाटल्या. पहिली सरजाच्या परसात, कुंपणाबाहेर लावली. सरजा तिच्याशी पुढे जन्मभर बोलली नाही, पण त्या काडीला तिने रोज पाणी घातलं.

आजही कोष्टेवाडीत तुती छाटली की पहिली काडी बोलणं तुटलेल्या घरी नेतात. देणारा बोलत नाही, घेणाराही बोलत नाही. काडी मात्र परत पाठवायची नाही.