महामारीत बारकूचा बाजार

एका गावात एक भोळा माणूस होता. शहाणी माणसंही होती, पण त्यांच्या गोष्टी ऐकायला कोण बसतंय? भोळ्याचं नाव बारकू. वय पस्तीस. सांगितलेलं काम सांगितलं तसंच करायचं, एवढं एकच त्याला येत होतं. तेवढंही येत नसतं तर बरं झालं असतं, असं त्याची आई शेवंताबाई म्हणायची. मी त्या माउलीच्या बाजूचा आहे.

घरात तिसरी सुगंधा, बारकूची धाकटी बहीण. तिच्या लग्नाचं बोलणं चाललं होतं. ओढ्यापलीकडच्या नागझरी गावात दिगंबरचं किराणा दुकान होतं. दिगंबरला सुगंधा आवडली होती आणि सुगंधाला दिगंबर. हे सगळ्या गावाला माहीत होतं, कारण सुगंधा पाव किलो साखर आणायला जायची आणि तासाभरानं यायची. अडत होतं ते दिगंबरच्या आईपाशी. गोदाक्का म्हणजे रीतीची पक्की बाई. शिंक कुठल्या बाजूला तोंड करून द्यायची याचीही तिच्याकडं रीत होती. "घराणं पारखून घेतल्याशिवाय होकार नाही. रीत म्हणजे रीत," असं तिनं सांगून ठेवलं होतं.

आणि नेमकी तेव्हाच महामारी आली.

बाजार बंद, देऊळ बंद, रस्त्यावर काट्या टाकलेल्या. दोन्ही गावांत मिळून दिगंबरचं दुकान तेवढं उघडं, तेही सकाळी सात ते अकरा. एका घरातून एकच माणूस आणि पास कर्त्या पुरुषाच्या नावावर. शेवंताबाईच्या घरात पुरुष एकच होता. कर्ता होता की नाही, ते पास देणाऱ्यानं विचारलं नाही.

शेवंताबाईनं पिशवी दिली, यादी दिली आणि बजावलं, "बारक्या, दुकानापुढं चुन्याचे गोल काढलेत. गोलात उभं राहायचं. पुढचा सरकला की त्याच्या गोलात जायचं. तोवर जागचं हलायचं नाही. आणि गोदाक्कासमोर नीट वाग. पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे."

"बरं, आये."

बारकू गेला आणि गोलात उभा राहिला. त्याच्या पुढच्या गोलात माणूस नव्हता, चपला होत्या. कुणीतरी आपला नंबर म्हणून चपला ठेवून चिंचेखाली जाऊन बसला होता. तेव्हा सगळे तसंच करायचे. बारकू चपला सरकायची वाट बघत राहिला. चपलांचा मालक आला, सामान घेतलं, अनवाणीच घरी गेला. जुन्याच चपला होत्या, विसरला. मागची माणसं बारकूला वळसा घालून पुढं गेली. बारकू हलला नाही. अकरा वाजले, दुकान बंद झालं. बारकू दुपारी दोनला घरी आला, तोही ऊन लागून.

"सामान कुठंय?"

"चपला सरकल्या नाहीत, आये."

शेवंताबाईनं कपाळाला हात लावला. "अरे मेल्या, ती नुसती खूण असते. उद्या तूही पिशवी ठेव गोलात आणि सावलीत बस."

"बरं, आये."

दुसऱ्या दिवशी बारकूनं पिशवी गोलात ठेवली, पिशवीत यादी ठेवली आणि चिंचेखाली जाऊन बसला. लोक भले होते. स्वतःची पिशवी पायानं पुढं ढकलायचे, तशी बारकूचीही ढकलायचे. पिशवी पार दुकानाच्या फळीपर्यंत पोचली.

"कुणाची रे पिशवी?" दिगंबर ओरडला.

"माझी," बारकू चिंचेखालून म्हणाला.

"मग ये की!"

"पिशवी आलीय की. यादी हाय तिच्यात."

लोक हसले. दिगंबरही हसला, आणि हसत हसतच पिशवी भरून दिली. सुगंधाचा भाऊ म्हणून चालवून घेतलं असावं. बारकू मात्र फळीवरचे डबे उघडून आत काय आहे ते हुंगून बघायला लागला. जुनी सवय. तेव्हा फळीमागून गोदाक्का कडाडली, "हात काढ! हल्ली दुकानात कशाला हात लावायचा नसतो. काय हवंय त्याच्याकडं लांबनं बोट दाखवायचं. समजलं?"

"समजलं, गोदाक्का."

समजलं हा शब्द बारकूच्या तोंडून आला की माणसानं सावध व्हावं.

दोन दिवसांनी तो परत दुकानात गेला. फळीपुढं गोडेतेल सांडलेलं होतं. गोदाक्का पुसायला म्हणून बाहेर आली आणि पाय घसरून सपशेल बसली. कंबरेत उसण भरली. दिगंबर मागच्या खोलीत गूळ फोडत होता. जवळ होता फक्त बारकू.

"अरे, हात दे रे!" गोदाक्का म्हणाली.

बारकूनं गोलातूनच तिच्याकडं बोट दाखवलं.

"बघतोस काय? उचल मला!"

बारकूनं हात आणखी लांब केला आणि बोट नीट रोखलं. मागच्या बाईनं विचारलं, "अरे, काय करतोयस?"

"ती गोदाक्का पाहिजे, असं दाखवतोय. हात लावायचा नसतोय ना."

शेवटी दिगंबरनं येऊन आईला उठवलं. त्याच दिवशी गोदाक्कानं निरोप धाडला, "पडलेल्या म्हातारीला हात देत नाहीत, ही कुठली रीत? अशा घरात पोरगा द्यायचा का, याचा मी पुन्हा विचार करणार आहे."

सुगंधा त्या रात्री जेवली नाही. शेवंताबाईनं पोराला समोर बसवलं. "अरे देवा, कसं सांगू तुला! माणूस खाली पडलं तर नियम-बियम बघायचा नसतो. धावत जायचं, कवेत घ्यायचं, उचलून उभं करायचं. एवढं लक्षात ठेव आणि बहिणीचं वाटोळं करू नकोस."

"ठेवलं, आये."

पुढच्या खेपेला दुकानावर हवालदार आला होता. लोक अंतर ठेवतात का, ते बघायला. गोल पुसट झालेत असं त्याला वाटलं म्हणून तो उकिडवा बसून चुन्याची रेघ बघायला लागला.

"पडला, पडला!" बारकू धावला. हवालदाराला मागून कवेत घेतलं आणि उचललं. हवालदार दणकट होता, पण बारकूही बैलगाडीचं चाक एकट्यानं काढणारा होता.

"सोड! सोड म्हणतो ना!"

"उभं राहता येतंय का तुम्हाला?"

"पाय टेकू दे आधी, गाढवा!"

बारकूनं त्याला खाली ठेवलं, टोपी सरळ केली, पाठीवरची धूळ झटकली. वर विचारलं, "लागलं नाही ना?"

दुकानात अंतर पाळलं जात नाही म्हणून दिगंबरचं दुकान तीन दिवस बंद झालं. दोन्ही गावं तीन दिवस बिनसाखरेचा चहा प्यायली. माझ्याही घरात तोच चहा होता, म्हणून ही गोष्ट मला इतकी नीट आठवते.

आता दिगंबरही हसेना. गोदाक्काचा दुसरा निरोप आला, "रविवारी आम्ही येतोय. सगळं तोंडावर बोलायचं, अशी आमच्यात रीत आहे." काय बोलणार ते सांगायची गरज नव्हती. सुगंधानं डोळे पुसले आणि म्हणाली, "आई, रविवारी दादाला कुठंतरी पाठव."

"पाठवू कुठं? रस्ते बंद," शेवंताबाई म्हणाली. "तू काळजी करू नको. मी त्याला दुकानाचं कामच देत नाही. घरातलं देते."

दुकान उघडल्यावर दिगंबर दूधवाल्याच्या सायकलवरून सामान घरोघर पाठवायला लागला. दूधवाला पिशवी दारात ठेवायचा, कडी वाजवायचा आणि लांब जाऊन उभा राहायचा. शेवंताबाईनं बारकूला ओसरीवर बसवलं. "तुझं काम एवढंच. बाहेरून जे येईल ते थेट घरात सोडायचं नाही. बादलीत मीठ-हळदीचं पाणी कर, त्यात धू. मग दोन दिवस ओसरीवर ठेव. मग आत."

"बरं, आये."

पहिल्या दिवशी वांगी आली, बारकूनं धुतली. बटाटे आले, धुतले. शेवंताबाईला वाटलं, पोरगं सुधारलं. दुसऱ्या दिवशी साखर आणि चहाची पूड आली. बारकूनं तीही धुतली. बादलीभर गार चहा झाला, वर हळद आणि मीठ.

शेवंताबाई बादलीत बघत राहिली. "साखर का धुतलीस रे?"

"बाहेरनं आली होती."

"अरे, विरघळतं ते धुवायचं नसतं! विरघळत नाही ते धुवायचं! आता तरी शिरलं का डोक्यात?"

"शिरलं, आये. विरघळत नाही ते धुवायचं."

आणि रविवार उजाडला.

सुगंधा आत पोहे परतत होती. पोह्यांत मीठ दोनदा पडलं. शेवंताबाई परसात पाणी भरत होती. ओसरीवर बारकू होता, शेजारी मीठ-हळदीची काठोकाठ भरलेली बादली आणि तांब्या. ओढ्याकडून तिघं आले. पुढं दिगंबर, पांढरा सदरा घातलेला. मागं कंबर धरून गोदाक्का. सगळ्यात मागं गोदाक्काचा थोरला भाऊ तात्यामामा. मामांचं वय बहात्तर. जन्मभर लग्न केलं नाही. 'कटकट नको' म्हणायचे. भाचा नकार ऐकून कोलमडला तर धरायला म्हणून त्यांना आणलं होतं.

दिगंबर पायरीवर आला.

"थांबा," बारकू म्हणाला. "बाहेरनं आलात?"

"नागझरीहून आलो."

बारकूनं त्याच्याकडं वरून खाली बघितलं. मग बोट तांब्यात बुडवून त्याच्या हातावर चार थेंब टाकले आणि वाट बघितली.

"काय करताय, दादा?"

"विरघळताय का बघतोय. नाही विरघळत."

आणि तांब्यावर तांब्या ओतायला सुरुवात केली. डोक्यावर, खांद्यावर, पाठीवर. पांढरा सदरा पिवळाधमक झाला. तोंडावरचा मास्कही पिवळा झाला. दिगंबर नुसता उभा राहिला.

गडबड ऐकून सुगंधा झाऱ्यासकट धावत बाहेर आली. "दादा, अरे काय करतोयस! थांब!" तिनं तांब्याला हात घातला. बारकू सोडेना. ओढाओढीत तांब्या उलटला आणि त्यातलं पाणी सुगंधाच्या अंगावर आलं. केसांपासून पदरापर्यंत तीही पिवळी.

शेवंताबाई परसातून आली आणि दारातच मटकन खाली बसली. "झालं," ती म्हणाली. "संपलं सगळं. माझ्या पोरीचं नशीबच फुटकं."

गोदाक्का बोलायला आली होती. तोंड उघडलंही होतं. पण तिची नजर पोराकडं गेली, मग सुगंधाकडं, मग परत पोराकडं. तोंड तसंच उघडं राहिलं.

"दिगंबर," ती सावकाश म्हणाली, "ही हळद आहे का रे?"

दिगंबरनं मास्क जरा वर करून जिभेवर घेऊन बघितली. "हळदच आहे, आई. मीठ जरा जास्त आहे."

"आधी तुला लागली?"

"हो."

"आणि तुझी उष्टी हिला?"

सुगंधानं मान खाली घातली. पायरीवर पिवळं पाणी ठिबकत होतं. गोदाक्का ओसरीच्या कडेवर बसली आणि कंबर दाबली. आतापर्यंत आळीतली अर्धी माणसं अंतर ठेवून कुंपणाला लागली होती.

"मी नाही म्हणायला आले होते," गोदाक्का म्हणाली. "पण हळद लागली. आधी नवऱ्याला, मग उष्टी नवरीला. क्रमसुद्धा चुकला नाही. आणि आमच्यात हळद लागलेला नवरदेव अक्षता पडल्याशिवाय वेस ओलांडत नाही. माझ्या आज्यानं ओलांडली नाही, नवऱ्यानं ओलांडली नाही, माझा पोरगा काय म्हणून ओलांडेल? रीत म्हणजे रीत. शेवंताबाई, उद्या अक्षता टाकू."

दिगंबर मास्कच्या आत हसत होता. ते डोळ्यांवरून कळत होतं. सुगंधा झारा तोंडापुढं धरून आत पळाली. शेवंताबाई रडत होती, पण आता वेगळं रडत होती. कुंपणावरच्या बायांनी तर आपापल्या जागेवरूनच गाणं धरलं. पंचवीस माणसांची परवानगी लागेल, भटजी लांबून मंत्र म्हणतील, मुंडावळ्या घरीच करू, असं सगळ्यांचं एकदम सुरू झालं. त्या गडबडीत बारकूकडं कुणाचंच लक्ष नव्हतं.

बादली अजून अर्धी होती. आणि तात्यामामा खालच्या पायरीवर उभे होते.

"अरे, मी नाही! अरे, मी नुसता सोबत—"

धबक्. या वेळी बारकूनं तांब्या घेतलाच नाही.

गाणं थांबलं. गोदाक्कानं वळून भावाकडं बघितलं. मामा डोक्यापासून वहाणांपर्यंत पिवळे होते आणि मिशीतून हळद गळत होती.

"गोदे," मामा काकुळतीला येऊन म्हणाले, "मला घरी जायचंय."

गोदाक्कानं डोळे मिटले. "दादा," ती म्हणाली, "रीत म्हणजे रीत."

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. दिगंबर-सुगंधा नागझरीला गेले. गोदाक्काही त्यांच्याबरोबर घरी गेली. आता तर महामारीही गेली, गोल पुसले गेले, दुकानात लोक पुन्हा डबे उघडून हुंगायला लागले. तात्यामामा मात्र अजून बारकूच्या ओसरीवरच आहेत. चहा दोन वेळा मिळतो. मुलगी बघणं चालू आहे.